चित्रपुस्तकातून गणित: गोष्ट न मोडता, पायरीपायरीने

गोष्टीचं पुस्तक उघडलं, दोन पानं झाली, की घरातलं मोठं माणूस विचारतं, "सांग बरं, इथे किती चिमण्या आहेत?" मूल मोजतं. पुढच्या पानावर, "आणि इथे किती फुलं?" मूल पुन्हा मोजतं. चौथ्या पानावर ते उठून जातं आणि आपण म्हणतो, याला पुस्तकात रस नाही. खरं तर त्याला पुस्तकात रस होता, तोंडी परीक्षेत नव्हता.

गणितासाठी चित्रपुस्तक वापरताना सर्वांत जास्त गल्लत इथेच होते. प्रश्न गोष्टीच्या बाहेरून येतो. मुलाला चिमण्या मोजण्याचं काही कारण नसतं, कारण मोजून गोष्टीत काहीच बदलत नाही. म्हणून या लेखातल्या सगळ्या पायऱ्या एकाच गोष्टीसाठी आहेत: मोजायची, तुलना करायची, वाटणी करायची गरज गोष्टीतूनच कशी उभी राहील. हे ३ ते ७ वयाच्या मुलांसाठी आहे. घरी करणाऱ्या आई-बाबा, आजी-आजोबांसाठी आहे आणि अंगणवाडी, बालवाडीतल्या ताईंसाठीही. पायऱ्यांचा क्रम बदलू नका. पहिल्या दोन पायऱ्या मूल समोर नसताना करायच्या आहेत, आणि लोक नेमक्या त्याच गाळतात.

## पायरी १: पुस्तक निवडणं

गणितासाठी पुस्तक म्हटलं की लोक 'एक ते दहा' छापलेलं अंकांचं पुस्तक आणतात. एका पानावर एक हत्ती, पुढच्यावर दोन बदकं, मग तीन फुगे. अंकांची ओळख करून द्यायला ते चालतं, पण त्यात घडत काहीच नाही. दोन बदकांनंतर तीन फुगे का आले, याला उत्तर नसतं. मी तरी साध्या गोष्टीच्या पुस्तकालाच पसंती देईन, जिच्यात काहीतरी वाढतं, कमी होतं, हरवतं, सापडतं, वाटलं जातं, मावतं किंवा मावत नाही. पिशवी भरत जाते, रांग लांबत जाते, एकेक जण निघून जातो, भाकरीचे तुकडे करावे लागतात. अशा गोष्टीत गणित आधीच असतं, तुम्हाला ते आणून चिकटवावं लागत नाही.

पुस्तक हातात घेतल्यावर हे पाहा:

- चित्रातल्या वस्तू सुट्या दिसतात का? एकमेकांवर चढलेल्या, पानाच्या कडेला अर्ध्या कापलेल्या वस्तू तीन-चार वर्षांच्या मुलाला मोजता येत नाहीत.
- मजकूर आणि चित्र जुळतं का? मजकुरात सात बकऱ्या आणि चित्रात सहा, असं छापील पुस्तकात होतं. प्रत्येक पान स्वतः मोजा.
- चित्र मुलाच्या बोटाला पुरेल एवढं मोठं आहे का?
- पाचाच्या आत मोजण्यासारखं एखादं तरी पान आहे का? मूल चारचं असेल आणि पुस्तकभर वीस-वीस मासे असतील तर ते पुस्तक पुढच्या वर्षासाठी ठेवा.

शब्द नसलेली, नुसत्या चित्रांची पुस्तकं या कामाला उत्तम. मजकूर संपवण्याची घाई नसल्यामुळे तुम्हीही चित्राकडे नीट बघता.

पुस्तक महाग हवं असं नाही. नॅशनल बुक ट्रस्टची आणि प्रथम बुक्सची मराठी पुस्तकं परवडतात, ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तकं चांगल्या छपाईत मिळतात. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठीतली गोष्टींची पुस्तकं विनामूल्य वाचता येतात आणि उतरवूनही घेता येतात. तिथे पुस्तकांना पातळ्या दिलेल्या असतात. लहानांसाठी पहिल्या पातळीपासून बघायला लागा.

सावधान: फोनवर वाचून हे काम नीट होत नाही. चित्र अंगठ्याएवढं दिसतं आणि मोजायला बोट टेकवलं की पान सरकतं किंवा मोठं होतं. उतरवलेलं पुस्तक छापून घ्या. रंगीत छपाई परवडत नसेल तर काळी-पांढरीही चालते, फक्त 'लाल किती, हिरवे किती' असली पानं मग सोडून द्या.

## पायरी २: मुलाच्या आधी, एकट्याने वाचणं

ही पायरी पंधरा मिनिटांची आहे आणि बाकी सगळं हिच्यावर उभं आहे. पुढची पायरी समजावी म्हणून एक पुस्तक कल्पून घेऊ. आजी आणि मुक्ता आठवडी बाजाराला जातात. पहिल्या पानावर रिकामी पिशवी. मग एक भोपळा, दोन कणसं, तीन वांगी. पेरूवाल्याकडे पाच पेरू घेतात. परतताना पिशवी फाटते, पेरू गडगडत जातात. रस्त्यावर तीन दिसतात, एक बकरीच्या तोंडात आहे आणि एक हातगाडीखाली अर्धवट दिसतो. घरी पोचल्यावर उरलेले पेरू कापून सगळे खातात.

आता पेन्सिल घ्या आणि वहीत दोन गोष्टी लिहा.

पहिली: कुठल्या पानावर कोणतं गणित आहे. मोजणी लगेच दिसते, म्हणून ती बाजूला ठेवून आधी बाकीचं शोधा. या पुस्तकात भोपळा सर्वांत मोठा आहे, पण संख्येने सर्वांत कमी. पिशवीत आधी काय गेलं आणि नंतर काय, हा क्रम आहे. बकरी गाडीच्या पुढे की मागे, पेरू गाडीच्या वर की खाली, ही जागा आहे. एक, दोन, तीन असं वाढत जाणं हा आकृतिबंध आहे, आणि तो पेरूंपाशी मोडतो, कारण चारऐवजी पाच येतात. रिकामी पिशवी म्हणजे शून्य. कापून वाटलेले पेरू म्हणजे वाटणी. आपण बहुतेक जण फक्त 'किती?' विचारतो आणि हे सगळं हातातून जातं.

लहान मुलांच्या वाचन-गणिताच्या पायासाठीच्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाची (२०२१) बालवाटिकेसाठीची, म्हणजे ५ ते ६ वयासाठीची अपेक्षा पाहा: १० पर्यंतचे अंक ओळखून वाचणं, आणि अंक, वस्तू, आकार, घटना क्रमाने लावणं. शंभरपर्यंत पाठ म्हणणं त्यात नाही. घटना क्रमाने लावणं मात्र आहे, आणि ते गोष्टीच्या पुस्तकाइतकं सहज दुसरीकडे कुठेच होत नाही.

दुसरी: एकच प्रश्न, जो गोष्टीला हवा आहे. ओळखायचं कसं? गोष्टीतल्या एखाद्या पात्राने तो विचारला असता का, हे बघा. "पानावर किती पेरू आहेत?" असं आजी विचारणार नाही. "सगळे पेरू सापडले का?" असं मात्र ती नक्की विचारेल. आणि त्याचं उत्तर द्यायला मोजावंच लागतं.

एका वाचनाला एक प्रश्न. वहीत सहा लिहिलेत तर सहा दिवस झाले.

तपासा: तुमच्या प्रश्नाचं उत्तर नुसत्या आकड्यात किंवा 'हो-नाही'त संपतं का? संपत असेल तर तो बदला. चांगल्या प्रश्नानंतर मूल बोट दाखवतं, पान मागे उलटतं, वाद घालतं.

## पायरी ३: पहिलं वाचन, फक्त गोष्टीचं

पहिल्या वाचनात गणिताचा एकही प्रश्न विचारायचा नाही. एकही नाही. मूल स्वतःहून मोजू लागलं तर मोजू द्या, मान डोलवा, पुढे जा.

कारण सोपं आहे. पेरू हरवल्याची काळजी वाटायला आधी आजीची ओळख व्हायला हवी. गोष्ट माहीत नसताना थांबवलं की मुलाचं अर्धं लक्ष 'पुढे काय झालं' यात अडकतं आणि मोजणी चुकते. मग आपण समजतो की त्याला मोजता येत नाही.

मूल मांडीत किंवा शेजारी बसवा, समोर नको. दोघांना चित्र एकाच बाजूने दिसलं पाहिजे, नाहीतर 'डावीकडे', 'मागे', 'पुढे' हे शब्द उलटे होतात. मजकूर वाचून झाल्यावर पान लगेच उलटू नका. मूल नजरेने चित्र फिरून येईपर्यंत थांबा. लहान मुलं चित्र वाचतात, आणि त्याला आपल्या मजकुराच्या वाचनापेक्षा जास्त वेळ लागतो.

शेवटी मुलाने "पुन्हा" म्हटलं तर पुन्हा तसंच वाचा. पुढची पायरी उद्या.

## पायरी ४: दुसरं वाचन, एका जागी थांबणं

आता ठरवलेल्या एका पानावर थांबायचं. आपल्या पुस्तकात ते पिशवी फाटल्याचं पान. साडेचार वर्षांच्या मुलीबरोबर बोलणं साधारण असं होईल:

— अगं बाई, पिशवीच फाटली! आता गं?
— पेरू पडले सगळे. हा बघ, हा बघ.
— आजीला सगळे सापडतील का गं?
— (थांबते, बोट फिरवते) एक, दोन, तीन.
— तीन दिसताहेत रस्त्यावर. आजीने घेतले होते तेवढेच आहेत का?
— (मागचं पान उलटते) एक, दोन, तीन, चार, पाच.
— पाच घेतले होते. आणि इथे तीन.
— बकरीने खाल्ला! आई, बकरीच्या तोंडात आहे बघ!
— हो की. मग आता सगळे झाले का?
— (विचार करते) नाही... अजून एक.

आईने 'किती' हा शब्द वापरलेलाच नाही, तरी मुलीने दोनदा मोजलं, दोन पानांची तुलना केली आणि पाच म्हणजे तीन, एक आणि आणखी एक, इथवर स्वतः आली. बेरीज-वजाबाकीचा पाया हाच. चिन्हं पुढे शाळेत येतील.

इथे तीन सवयी लावून घ्याव्या लागतात.

थांबा. प्रश्नानंतर मनात सावकाश पाचपर्यंत मोजा. बहुतेक मोठी माणसं एवढं थांबत नाहीत, उत्तर सांगून टाकतात किंवा प्रश्न फिरवून विचारतात. फिरवून विचारलं की मुलाला पुन्हा पहिल्यापासून विचार करावा लागतो.

मुलाचं वाक्य थोडं वाढवून परत द्या. मूल म्हणालं, "तीन". तुम्ही म्हणा, "तीन पेरू रस्त्यावर." मूल म्हणालं, "हा मोठा". तुम्ही म्हणा, "हो, भोपळा वांग्यापेक्षा मोठा." 'पेक्षा', 'एवढाच', 'उरले', 'आणखी', 'मधला', 'शेवटून दुसरा' हे शब्द मुलाला ऐकूनच येतात.

सोडून द्यायला शिका. मुलाला पेरूंपेक्षा बकरीच आवडली असेल तर आज बकरी. बकरीला शिंगं किती, पाय किती, ती गाडीच्या कुठल्या बाजूला आहे, हेही गणितच आहे. एका पानावर दोन-तीन मिनिटं पुरे, आणि सगळं वाचन दहा-पंधरा मिनिटांत संपवा.

सावधान: "शाब्बास, बरोबर!" प्रत्येक उत्तराला म्हणू नका. मूल मग चित्राकडे न बघता तुमच्या चेहऱ्याकडे बघून उत्तर देऊ लागतं. त्याऐवजी "तुला कसं कळलं?" विचारा, आणि तेही उत्तर बरोबर असताना. फक्त चुकल्यावर विचारलंत तर हा प्रश्न म्हणजे 'तू चुकलास' एवढाच अर्थ त्याला कळतो.

## पायरी ५: मोजणी नेमकी कुठे अडते ते ओळखणं

मूल 'दहापर्यंत म्हणतं' याचा अर्थ ते दहापर्यंत मोजतं असा नाही. मोजणीत काय काय येतं याची मांडणी रोशेल गेलमन आणि सी. आर. गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये केली, ती आजही घरी वापरता येते: शब्दांचा क्रम पक्का असणं, एका वस्तूला एकच शब्द देणं, शेवटचा शब्द म्हणजे सगळ्यांची संख्या हे कळणं, काहीही मोजता येतं हे कळणं, आणि कुठूनही सुरुवात केली तरी उत्तर तेच येतं हे कळणं. पुस्तक वाचताना मूल यातल्या कशात अडतंय ते पाहायचं, कारण प्रत्येकावर उपाय वेगळा.

*तोंड बोटाच्या पुढे धावतं.* "एकदोनतीनचारपाच" झालं आणि बोट अजून तिसऱ्या पेरूवर. किंवा एकच पेरू दोनदा मोजला. चित्रात हे जास्त होतं, कारण मोजून झालेला पेरू उचलून बाजूला ठेवता येत नाही. उपाय: मूठभर चिंचोके घ्या. प्रत्येक पेरूच्या चित्रावर एक चिंचोका ठेवायचा. सगळे झाकले गेले की ते चिंचोके खाली सरकवून रांगेत लावायचे आणि मोजायचे. चित्रातली न हलणारी संख्या हातात येते. राजम्याचे दाणे, बाटल्यांची झाकणं, सागरगोटे, काहीही चालेल.

सावधान: मूल तीन वर्षांपेक्षा लहान असेल, किंवा घरात रांगतं बाळ असेल, तर चिंचोके-मणी नकोत, झाकणंही नकोत. नाकात-घशात जाऊ शकतील अशा वस्तूंऐवजी मोठ्या वाट्या किंवा चमचे वापरा. मोठ्या मुलांचेही दाणे आवरताना मोजून डब्यात टाका.

*मोजून झाल्यावर "मग किती?" विचारलं की पुन्हा पहिल्यापासून मोजतं.* म्हणजे पाच हा शब्द त्याच्यासाठी शेवटच्या पेरूचं नाव आहे, सगळ्यांची संख्या नाही. "शेवटचा आकडा तेच उत्तर" ही युक्ती शिकवू नका. ती पाठ होते, अर्थ मागेच राहतो. उलट करा: आधी संख्या सांगा, मग मोजा. "आजीने पाच पेरू घेतले. एक, दोन, तीन, चार, पाच. पाच पेरू." हे दोन ते चार वस्तूंच्या पानांवर पुष्कळ वेळा होऊ द्या.

*भोपळे तीन, लिंबं पाच, पण मूल म्हणतं भोपळे जास्त.* ते मोजायला चुकलेलं नाही. 'जास्त' म्हणजे जास्त जागा व्यापणारं, असं ते समजतंय. प्रत्येक भोपळ्यावर एक चिंचोका आणि प्रत्येक लिंबावर एक चिंचोका ठेवा, मग दोन रांगा समोरासमोर लावा. जोडी कुणाला नाही मिळाली ते त्याला दिसू द्या.

तीनपर्यंतच्या वस्तू मात्र मोजायला लावूच नका. दोन-तीन वस्तू नजरेनेच ओळखता येतात आणि ती नजर जपायची असते. पान उघडा, झटकन मिटा, "काय दिसलं?" विचारा. मुलांना हा खेळ फार आवडतो.

तपासा: पुस्तक बाजूला ठेवून म्हणा, "मला चार चिंचोके दे." मूल मोजून चारच काढून देतं की मूठभर उचलतं? मूठभर उचलत असेल तर वीसपर्यंत घडाघडा म्हणत असलं तरी अजून पाचाच्या आतच काम करा.

## पायरी ६: चूक झाली तर

"नाही, नीट मोज" हे वाक्य पूर्ण बंद. त्यातून मुलाला एवढंच कळतं की आकडा चुकला. कुठे चुकला ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी ते एक आकडा वर किंवा खाली सांगून बघतं.

त्याऐवजी दोन मार्ग आहेत. एक, तुम्हीही मोजा: "मी पण मोजून बघते हं," आणि सावकाश, बोट टेकवून मोजा. दोन उत्तरं वेगळी आली तर "अरे, तुझे सहा आणि माझे पाच. आता काय करूया?" चिंचोके बहुधा मूलच आणतं. दुसरा मार्ग, गोष्टीकडे परत जाणं: "सहा असतील तर आजीला एक जास्तच मिळाला की! आला कुठून?" उत्तर चित्रातच सापडलं पाहिजे.

मुलाचं लक्ष उडालेलं असेल तर दुरुस्ती करूच नका. पुस्तक उद्याही असणार आहे.

## पायरी ७: पुस्तक मिटून गोष्ट हातात घेणं

तीन-चार वाचनांनंतर गोष्ट मुलाला पाठ होते, आणि मग गणित खऱ्या अर्थाने चालू लागतं. एक कापडी पिशवी, घरातल्या भाज्या किंवा चिंचोके घ्या आणि गोष्ट करून बघा. मूल आजी, तुम्ही पेरूवाला.

"मला पाच पेरू द्या" म्हणणाऱ्या आजीला चारच द्या आणि गप्प बसा. मूल पकडतं का बघा. पिशवीत पाच टाकून दोन बाहेर काढा आणि आत किती उरले ते न बघता विचारा. घरी आल्यावर चार पेरू दोघांत वाटा, मग पाच वाटायला घ्या. पाचवा पेरू उरला की मूल काय सुचवतं ते ऐका: "कापूया", "बाबांना ठेवूया", "मी मोठा आहे म्हणून मला". यातलं कुठलंच उत्तर चुकीचं नाही, पण सारखी वाटणी झाली का, हा प्रश्न तिथेच उभा राहतो.

इथे बांगड्याही कामी येतात. पुस्तकाच्या पानावर एखाद्या गटाभोवती बांगडी ठेवली की 'हे एका बाजूला, बाकीचे दुसऱ्या' हे पेन्सिल न लावता दाखवता येतं. पुस्तकावर गोल काढायची, आकडे लिहायची सवय नको. चित्राशेजारी '५' लिहिला की पुढचं मूल मोजणारच नाही.

अंक आणायचे तर इथे, छोट्या चिठ्ठ्यांवर. मूल मोजतं आणि जुळणारी चिठ्ठी पानावर ठेवतं. घरी मराठी पुस्तक आणि शाळा सेमी-इंग्रजी असेल तर एक घोळ हमखास होतो: देवनागरी ४ हा इंग्रजी आठासारखा दिसतो आणि १ हा इंग्रजी नवासारखा. एका आठवड्यात एकाच पद्धतीच्या चिठ्ठ्या ठेवा. दोन्ही पद्धती पक्क्या झाल्यावरच त्यांच्या जोड्या लावा.

## पायरी ८: मुलाचं स्वतःचं पान

एक कोरा कागद द्या आणि म्हणा, "आजी पुढच्या बाजारी गेली तर?" मूल चित्र काढतं, तुम्ही ते सांगेल ते वाक्य खाली लिहिता. मुलाला 'सहा आंबे' काढायचे असतील तर काढताना ते मोजत राहतं, जास्त झाले तर खोडतं. किती काढले आणि किती सांगितले हे जुळतं का, याइतकी चांगली तपासणी दुसरी नाही, आणि तीही मूल स्वतःच करतं. चित्र सुंदर नसेल, आंबा बटाट्यासारखा दिसेल, त्यावर काही बोलू नका.

अशी पाच-सहा पानं दोऱ्याने शिवा आणि पानांवर क्रमांक मुलाकडून टाकून घ्या. पृष्ठक्रमांक हा रोजच्या वाचनात कायम दुर्लक्षित राहणारा भाग आहे. "बकरी कितव्या पानावर होती?" हा प्रश्न पाचव्या वर्षापासून विचारता येतो, आणि 'पाच पानं' आणि 'पाचवं पान' यांतला फरक त्यातूनच कळतो.

## दहाच्या पुढे जाताना

साडेपाच-सहा वर्षांच्या मुलाला मोठ्या संख्यांची पुस्तकं हवीशी वाटतात. मराठीत इथे खरी अडचण आहे. तेवीस म्हणताना आधी तीन ऐकू येतो आणि लिहिताना आधी २ लिहायचा असतो, म्हणून मुलं ३२ लिहून मोकळी होतात. एकोणतीस ऐकून त्यात नऊ कुठेच सापडत नाही. महाराष्ट्रात दुसरीच्या पाठ्यपुस्तकात २०१९ साली एकवीससाठी 'वीस एक' अशी वाचनपद्धती आली तेव्हा बराच वाद झाला होता. घरी मात्र त्या वादात न शिरता दोन्ही रूपं मुलाच्या कानावर घालता येतात: "तेवीस, म्हणजे वीस आणि तीन."

चित्रातल्या वस्तू चिंचोक्यांनी झाका, मग दहा-दहाचे ढीग करा आणि उरलेले बाजूला ठेवा. दोन ढीग आणि तीन सुटे. आता तेवीस म्हणताना हात आधी सुट्यांकडे आणि मग ढिगांकडे न्या, लिहिताना ढिगांपासून सुरुवात करा. उलटापालट का होते ते मुलाला डोळ्यांनी दिसतं.

एकोणतीससाठी अंड्यांचा तीसचा ट्रे घ्या, पाच-पाचच्या सहा रांगांचा. रिकाम्या ट्रेतही दाणे भरता येतात. एक खळगा रिकामा ठेवा आणि विचारा, "तीस व्हायला काय कमी आहे?" एक कमी तीस, म्हणून एकोणतीस. मग एकोणीस आणि एकोणचाळीस मूल स्वतः लावून बघतं.

परदेशात किंवा इंग्रजी माध्यमात वाढणाऱ्या मुलाबरोबर इंग्रजी पुस्तक वाचत असाल तर बोलणं मराठीत ठेवायला हरकत नाही. फक्त एक मोजणी सुरू झाली की ती एकाच भाषेत संपवा. "वन, टू, थ्री, चार" असं मध्येच बदललं की क्रम तुटतो.

## अंगणवाडीत किंवा वर्गात करताना

वीस-पंचवीस मुलांना एकच पुस्तक हातात धरून दाखवलं तर मागच्यांना पेरू दिसतच नाहीत. ती पुढच्यांचा आकडा नुसता मागोमाग म्हणतात, आणि आवाज मोठा येतो म्हणून आपल्याला वाटतं सगळ्यांना आलं. पहिलं वाचन सगळ्यांसोबत करा, अर्धगोल बसवून. दुसरं मात्र पाच-सहा मुलांच्या गटात, बाकीची मुलं माती, ठोकळे, चित्रं यात रमलेली असताना. रोज एक गट केला तरी आठवड्यात सगळे होतात.

गटात उत्तर एकाने मोठ्याने सांगितलं की बाकीच्यांचा विचार थांबतो. म्हणून प्रत्येकाने बोटांनी, छातीशी हात धरून उत्तर दाखवायचं. जो गप्प असतो त्याची बोटंही मग दिसतात. गोष्ट करून बघताना पिशवी त्याच्याच हातात द्या.

## पुस्तक कधी बदलायचं

एक पुस्तक साधारण आठवडाभर चालतं. मूल तुमच्या आधी त्या पानावर पोचून तुम्हालाच विचारू लागलं, "आजीला सगळे सापडले का सांग?", की त्या प्रश्नाचं काम झालं. त्याच पुस्तकातलं दुसरं गणित घ्या: मोजणी झाली असेल तर क्रम किंवा जागा. तेही झालं की पुढचं पुस्तक मुद्दाम वेगळ्या स्वभावाचं निवडा. बाजाराची गोष्ट वाढण्याची असेल तर आता कमी होण्याची, किंवा कुणीतरी कुठेतरी मावत नाही अशी. जुनं पुस्तक मात्र मुलाच्या हाताला येईल अशा खालच्या कप्प्यातच राहू द्या. महिन्याभराने ते स्वतः काढून आणेल, तेव्हा पुन्हा पायरी ३ पासून, एकही प्रश्न न विचारता वाचा.